हेड्रियनची भिंत : पाया दहा फुटी आणि वरची भिंत आठ फुटी, असं का?

चर्या

उत्तर इंग्लंडमधल्या, रोमन बादशहा हेड्रियनच्या भिंतीबद्दल प्रश्न आहे. विलोफर्डजवळच्या तुकड्याचे फोटो नीट बघितले तर एक गोष्ट खटकते. खाली पायाचे दगड चांगले हातभर बाहेर आलेले आणि वरची भिंत आत सरकलेली. जोतं म्हणावं तर ते एकाच अंगाला. मनोऱ्याला मात्र दोन्ही बाजूंनी जाड भिंतीचे ठोकळे चिकटलेले, आणि पातळ भिंत त्यांना येऊन नुसती टेकलेली. हा दुरुस्तीचा प्रकार म्हणायचा, की दोन वेगवेगळ्या काळातली बांधकामं?

जोडीला आणखी शंका. पश्चिमेकडची भिंत आधी मातीची होती म्हणतात, ती का? तटावरून पहारा फिरायला आपल्या गडांवर असते तशी फांजी होती का? आणि शत्रूला अडवायची भिंत असेल तर दर मैलाला दरवाजा कशाला? जुन्या लिखाणात ही भिंत सेव्हेरस बादशहाच्या नावावर टाकलेली दिसते, त्याचाही उलगडा व्हावा. जाणकारांनी उजेड पाडावा.

डबर

दुरुस्ती नाही. बांधकाम चालू असतानाच हुकूम बदलला, त्याची ही खूण आहे. आधी मापं डोक्यात बसवा, म्हणजे बाकीचं सोपं जातं.

रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा, आपल्या फुटापेक्षा जरासा लहान. रोमन मैल ५००० फुटांचा, म्हणजे साधारण १४८० मीटर. मूळ आखणीत पूर्वेला आजच्या न्यूकॅसलपासून इर्थिंग नदीपर्यंत १० फूट रुंदीची दगडी भिंत होती आणि नदीच्या पलीकडे सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत गवती ढेपांचा तट, बुडाशी २० फूट रुंद. दर मैलाला एक छोटी गढी, तिला माइलकॅसल म्हणतात. दोन गढ्यांच्या मध्ये सारख्या अंतरावर दोन मनोरे, ते टरेट. म्हणजे जवळपास दर ४९५ मीटरला पहारा. न्यूकॅसल ते वॉलसेंड हा तुकडा मागाहून जोडला आणि एकूण लांबी ८० रोमन मैल झाली, आजच्या हिशेबानं सुमारे ११७ किलोमीटर.

काम एका टोकाला सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवलं असं झालं नाही. दुसरी ऑगस्टा, सहावी व्हिक्ट्रिक्स आणि विसावी व्हॅलेरिया व्हिक्ट्रिक्स या तीन लीजनांना, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या पलटणींना, पाच-सहा मैलांचे टप्पे वाटून दिले होते. टप्प्यात पायाची टोळी पुढे निघून जाई, गढ्या आणि मनोरे त्यांच्या मागून उभे राहत, मधली भिंत सगळ्यात शेवटी. मनोरा बांधतानाच दोन्ही अंगांना भिंतीचा थोडा थोडा भाग १० फुटी रुंदीत काढून ठेवत, येणारी भिंत त्यात गुंतवता यावी म्हणून. तुम्हाला दिसलेले ठोकळे ते हेच. मग वरून फर्मान आलं की रुंदी ८ फुटांवर आणा. तोवर पाया कित्येक मैल घालून झाला होता, मनोरे उभे होते. पाया कोण उखडणार? त्याच रुंद पायावर अरुंद भिंत चढवली. विलोफर्डचा ४८अ क्रमांकाचा मनोरा (गढ्यांना पूर्वेकडून क्रमांक, त्यांच्या पुढच्या दोन मनोऱ्यांना अ आणि ब) म्हणजे या बदलाचा धडाच आहे.

आता बचत किती झाली ते बघा. भिंत १२ फूट उंच धरली, तर दर मैलाला १ लाख २० हजार घनफूट बांधकाम वाचतं. पण यातला घडीव दगड एकही नाही! दर्शनी दगड दोन्ही बाजूंना तितकेच लागतात, टाकीकाम तितकंच. वाचते ती पोटातली भर, आणि ती वाहून आणणाऱ्या गाड्या आणि बैल. म्हणजे अडचण कारागिरांची नव्हती, वाहतुकीची आणि वेळेची होती, असं माझं मत.

ते वेळेचं गणित कशानं बिघडलं, तर किल्ल्यांनी. मूळ आखणीत भिंतीवर किल्ले नव्हतेच. फौज मागे स्टेनगेट नावाच्या रस्त्यावरच्या ठाण्यांत राहायची होती, व्हिंडोलांडा वगैरे. काम अर्ध्यावर असताना किल्ले थेट भिंतीवर आणायचं ठरलं. चेस्टर्सच्या किल्ल्याखाली भिंतीचा पाया, बुजवलेला खंदक आणि पाडलेला २७अ मनोरा सापडलाय. हाउसस्टेड्सच्या पोटात ३६ब. घातलेलं काम पाडून नवं करायचं म्हटल्यावर मधल्या भिंतीची रुंदी कमी होणार, यात नवल नाही.

ओळंबा

डबर यांनी पाया स्वच्छ केला आहेच, त्यावर दोन रद्दे माझे.

एकाच ठिकाणी दोन्ही रुंदी बघायच्या असतील तर प्लेनट्रीजचा तुकडा बघा. छोटासाच आहे. १० फुटी भिंत येता येता मध्येच तुटते आणि त्याच रुंद पायावर सहा फुटांच्या आसपासची भिंत पुढे जाते. पायातून काढलेली पाण्याची मोरीही तिथं दिसते. ब्रंटनच्या २६ब मनोऱ्यात एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद भिंत आहे. मनोरा अजून अडीच मीटरच्या आसपास उभा आहे.

आता बांधणी. दर्शनी दगड तोंडाला लहान, साधारण वीतभर रुंद आणि त्याहून कमी उंच. पण शेपूट लांब आणि मागे निमुळतं होत गेलेलं. ते शेपूट भरीत रुतवायचं. असा दगड एका माणसाला उचलता येतो, उंचीवर चढवता येतो, आणि तोंड सोडून बाकीच्या बाजू घडवाव्या लागत नाहीत. मधल्या पोकळीत डबर, म्हणजे ओबडधोबड दगडांची भर, आणि डबराला बांधायला बहुतेक ठिकाणी चिकणमाती. चुना मुख्यतः तोंडाच्या सांध्यांपुरता. चुनखडी सगळीकडे नाही, भट्टीला सरपण लागतं, विरवायला पाणी लागतं. पोटात माती भरली की हे सगळं वाचतं.

दुखणं नेमकं तिथंच आहे. वरून पाणी मुरलं की पोटातली माती फुगते, थंडीत तेच पाणी गोठतं, तोंडाचे रद्दे बाहेर पोट काढतात आणि एक दिवस सगळा पदर खाली येतो. ओढ्याच्या उताराला आणखी वाईट. वॉलसेंडला अशा जागी भिंत कोसळून पुन्हा उभारल्याच्या खुणा उत्खननात मिळाल्या आहेत. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, सेव्हेरसच्या काळात, मोठमोठे तुकडे नव्यानं बांधावे लागले. ते काम ओळखायची खूण म्हणजे पांढराशुभ्र, दगडासारखा कडक चुना आणि आणखी कमी रुंदी. पोटातही चुनाच. आधीच्या शहाण्यांनी शंभर वर्षांत धडा घेतला म्हणायचं.

गवंडीकाम

पण हे सगळं काम गुलामांकडून किंवा तिथल्या रयतेकडून वेठीनं करून घेतलं असणार ना? सैनिक कशाला दगड घडवतील?

ओळंबा

नाही हो. लीजनमध्येच गवंडी, सुतार, लोहार, मोजणीदार असायचे, आणि आपापल्या कामाची हद्द ते दगडावर कोरून ठेवत: अमुक सेंचुरियनच्या (तुकडीच्या नायकाच्या) तुकडीनं हे बांधलं. भिंतीच्या लांबीभर असे दगड सापडले आहेत. कोणाचं काम कुठं संपलं हे तपासणाऱ्याला कळावं, एवढाच त्याचा उपयोग.

एका ठाण्यात रोजची माणसं कशी वाटली जात याचा कागद, म्हणजे लाकडाची पातळ पाटी, व्हिंडोलांडात मिळाली आहे. भिंतीच्या आधीची आहे, पण पद्धत कळते. कारखान्यात एकूण ३४३ माणसं. त्यात १२ चांभार, स्नानगृहाच्या कामावर १८ गवंडी, पुढं शिसं, भट्ट्या, चिकणमाती, गिलावा अशी कामं. अगदी हजेरीपट.

रयतेचा हात लागला तो वेगळ्या प्रसंगी. डुम्नोनी, ड्युरोट्रिजेस, कॅटुव्हेलॉनी अशा दक्षिणेकडच्या जमातींच्या नावांचे दगड भिंतीवर मिळतात. ते दुरुस्तीच्या कामाचे असावेत असं सर्वसाधारणपणे मानतात.

आणि एक गल्लत नेहमी होते, म्हणून सांगतो. लीजन बांधून आपापल्या मोठ्या छावण्यांत परत गेल्या. भिंतीवर पहारा दिला तो सहायक पलटणींनी: चेस्टर्सला स्पेनमधल्या अस्तुरियन घोडेस्वारांचं पथक, हाउसस्टेड्सला आजच्या बेल्जियमकडचे टुंग्रियन, बर्डोसवाल्डला डेशियन, कार्व्होरानला सीरियाचे हामियन तिरंदाज.

पाचर

गवती तटाचं उत्तर राहिलं. हा प्रकार ‘मातीची भिंत’ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

रोमन लष्करी लिखाणात ढेपेचं माप दिलंय: दीड फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट जाड. गवताच्या मुळ्यांनी बांधलेली मातीची वीटच ती. रद्द्यांनी रचायची. आता हिशेब करा. बुडाला २०, माथ्याला ६ आणि उंची १२ फूट धरली, तर छेद होतो १५६ चौरस फूट. एक ढेप पाऊण घनफुटाची. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक फुटाला २०८ ढेपा, आणि त्या काढायला ३१२ चौरस फूट कुरण सोलायचं. सोप्या शब्दांत, तटाच्या संपूर्ण लांबीबरोबर ९२ मीटर रुंदीचा पट्टा बोडका करायचा. माथ्याची रुंदी आणि उंची माझी गृहीतं आहेत, पण अंदाज यायला पुरे. शिवाय ढेपा दाबल्या जातात, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच लागल्या असणार.

मग पश्चिमेलाच हे का? नेहमीचं उत्तर असं की इर्थिंगच्या पलीकडे चुनखडी हाताशी नाही. मला ते अर्धवट वाटतं, कारण वर ओळंबांनी सांगितलंय तसं पूर्वेकडेही पोटात माती चालत होतीच. आणि त्या तटातले मनोरे पहिल्यापासून दगडीच होते: सुटे उभे केलेले चौकोनी मनोरे, त्यांना दोन्ही बाजूंनी ढेपा आणून भिडवलेल्या. म्हणजे दगड मिळत होता. ज्या बाजूला धोका जास्त त्या बाजूला लवकर उभं राहील असं काहीतरी हवं होतं, हे कारण मला जास्त पटतं. गढ्यांचे दरवाजे आणि आतल्या खोल्या लाकडाच्या होत्या.

ढेपांचा तट टिकत नाही असं नाही, पण तो बसतो, घसरतो आणि लाकूड कुजतं. इर्थिंगजवळचे पहिले काही मैल हेड्रियनच्या हयातीतच दगडात बदलले. बाकीचे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात. बहुतेक ठिकाणी दगडी भिंत जुन्या तटाच्याच जागी आली, त्यामुळं तट दिसत नाही. अपवाद बर्डोसवाल्डचा. तिथं दोनेक मैल दगडी भिंत वेगळ्या रेषेत, थोडी उत्तरेकडून नेली आहे, म्हणून जुना तट शेतात वरंब्यासारखा शिल्लक राहिला. दोन्ही एकत्र कळतात ती एवढीच जागा.

देवडी

सेव्हेरसचं प्रकरण.

घोळाचं मूळ लॅटिन लिखाणातच आहे. हेड्रियनच्या चरित्रात एक ओळ येते की त्यानं पहिल्यांदा ८० मैलांची भिंत घातली, रानटी लोक आणि रोमन यांना वेगळं करायला. पण नंतरच्या लेखकांनी ब्रिटनमधली भिंत सेव्हेरसच्या नावावर टाकली. तो २०८ मध्ये ब्रिटनमध्ये आला, उत्तरेत मोहिमा केल्या आणि २११ मध्ये यॉर्कला वारला. त्याच्या काळात दुरुस्ती एवढी मोठी झाली की ती नवं बांधकाम वाटावी. आठव्या शतकात बीड या साधूनं आणखी भर घातली. तो जॅरोच्या मठात, भिंतीच्या पूर्व टोकाजवळच राहायचा, त्यामुळं मापं चोख देतो: ८ फूट रुंद, १२ फूट उंच. पण इतिहास सांगताना दगडी भिंत रोमन जाता जाता बांधून गेले असं म्हणतो, आणि मागची मातीची रांग सेव्हेरसची ठरवतो. तिला आज आपण ‘व्हॅलम’ म्हणतो ते या गोंधळामुळंच. खुद्द रोमन मात्र दगडी भिंतीलाच व्हॅलम म्हणत. २००३ साली स्टॅफर्डशरमध्ये सापडलेल्या एका छोट्या धातूच्या भांड्यावर भिंतीवरच्या चार किल्ल्यांची नावं आहेत, त्यात ‘वाली एली’, म्हणजे एलियसच्या व्हॅलमचा, असे शब्द आहेत. एलियस हे हेड्रियनचं घराण्याचं नाव.

१८४० मध्ये जॉन हॉजसन यांनी भिंत हेड्रियनची हे पुराव्यानिशी मांडलं. मुख्य आधार शिलालेखांचा. ३८ क्रमांकाच्या माइलकॅसलवरच्या लेखात तीनच गोष्टी आहेत: बादशहा हेड्रियन, दुसरी ऑगस्टा लीजन, आणि सुभेदार औलुस प्लॅटोरियस नेपोस. नेपोस १७ जुलै १२२ रोजी ब्रिटनचा सुभेदार होता, हे त्या तारखेच्या एका काशाच्या सैनिकी सनदेवरून कळतं. म्हणजे काळ बांधला गेला. पाचरांच्या गवती तटातही, पन्नासाव्या गढीत, लाकडावर कोरलेल्या लेखाचा तुकडा मिळाला, तोही हेड्रियन आणि नेपोसचाच. दगड आणि ढेपा एकाच आखणीतल्या, हे त्यावरून ठरलं.

सेव्हेरसच्या वेळचं काम नाकारायचं कारण नाही. ब्रॅम्प्टनजवळ गेल्ट नदीच्या कड्यावर खाणीत काम करणाऱ्या दुसऱ्या लीजनच्या लोकांनी लेख कोरून ठेवलाय, त्यातल्या कॉन्सलांच्या (रोमच्या दरवर्षी बदलणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या) नावांवरून साल निघतं २०७. खाण चालू होती ती दुरुस्तीसाठी.

चर्या

फारच छान. ‘सेव्हेरसनं बांधली’ हे डोक्यातून काढून टाकलं. फांजीचं काय मग? १० फुटांवर फांजी सहज बसते, सहा फुटांवर चर्येची, म्हणजे माथ्यावरच्या आडोशाची, भिंत वजा केली तर माणूस चालणार कुठून?

डबर

फांजी होती, असं माझं मत. पोल्ट्रॉस बर्नच्या ४८ व्या गढीत जिन्याच्या खालच्या पायऱ्या शिल्लक आहेत. त्यांचा चढ तसाच वर नेला तर १२ फुटांच्या आसपास पोचतो. जिना चढून वर गेल्यावर माणूस काहीतरी करणार ना? दुसरं, चेस्टर्सजवळ उत्तर टाइन नदीवरचा पहिला पूल जेमतेम ३ मीटर रुंद होता. एवढा अरुंद पूल रस्त्यासाठी बांधत नाहीत. भिंतीवरची वाट नदीपलीकडे न्यायला बांधतात.

पाचर

सहमत नाही. जिना गढीच्या आत आहे, तो दरवाज्यावरच्या मनोऱ्यात जायलाही पुरतो. जर्मनीतल्या रोमन सरहद्दीवर नुसतं लाकडी कुंपण होतं, त्यावर कोण चालत होतं? पहारा मनोऱ्यावरून, गस्त पायथ्यानं. आणि हेड्रियनच्या भिंतीचा माथा तर कुठंच शिल्लक नाही, तेव्हा चर्या होत्या की नुसती उतरती झाकण होती, हे बघून सांगायची सोय नाही.

डबर

कुंपणाला १० फूट जाडी नव्हती, राव. नुसता अडथळाच हवा असता तर ४ फुटांत भागलं असतं.

पाचर

मग ८ आणि ६ वर का उतरले? फांजी हाच हेतू असता तर रुंदी सोडून उंची कमी केली असती.

खंदकवाला

या दोघांचं हे कधी मिटायचं नाही, मी दरवाज्यांकडे वळतो.

उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना काय काय लागतं ते बघा. आधी खंदक, इंग्रजी व्ही आकाराचा, आठ-नऊ मीटर रुंद आणि तीनेक मीटर खोल. मग सहाएक मीटरची मोकळी पट्टी. न्यूकॅसलच्या आसपास या पट्टीत खड्ड्यांच्या रांगा सापडल्या आहेत, एकाआड एक अशा रचलेल्या. त्यात टोकदार फांद्या रोवत. मग भिंत. मग मागे बऱ्याच अंतरावर व्हॅलम: सपाट तळाची चर, वर ६ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ९ मीटर सोडून मातीचे सलग बांध. एकूण रुंदी ३६ मीटर, म्हणजे १२० रोमन फूट. दोन्हीकडे बांध सारखेच, त्यामुळं ही चर कोणाविरुद्ध लढायला नाही. लष्करी हद्द आखायला आहे.

दरवाजा दर गढीला होता, उत्तरेकडे एक आणि दक्षिणेकडे एक. भिंतीचं काम माणसं थांबवणं हे नव्हतंच, ती कुठून जातात, काय नेतात, हत्यार आहे का, जकात भरली का, हे बघणं होतं. पण आखणी किती यांत्रिक होती बघा: कॉफील्ड्सची ४२ वी गढी तीव्र उतारावर बसवली आहे. थोड्याच अंतरावर सपाट खिंड आहे, पण मैल तिथं भरत नव्हता! काही गढ्यांचे उत्तर दरवाजे तर सरळ कड्याच्या तोंडाशी उघडतात. नंतर बहुतेक दरवाजे दगडांनी अरुंद केले, फक्त माणूस जाईल एवढे.

किल्ले आले, त्यामागोमाग व्हॅलम आली, आणि हिशेबच बदलला. व्हॅलम ओलांडायची पक्की वाट किल्ल्यासमोर असे. बेनवेलला ती वाट आजही, घरांच्या मधोमध, बघता येते. म्हणजे ऐंशी गढ्यांच्या ऐंशी वाटांवरून ये-जा पंधरा-सोळा किल्ल्यांवर आली. किल्ल्यांना वळसा घालून व्हॅलम जाते, यावरून किल्ले आधी ठरले हे कळतं. कॅरॉबर्गला उलटं आहे: तिथं व्हॅलम बुजवून वर किल्ला बसवलाय, म्हणजे तो किल्ला मागाहून घुसवलेला.

खंदकाची सगळ्यात बोलकी जागा म्हणजे लाइमस्टोन कॉर्नर, भिंतीचं उत्तरेकडचं टोक. नाव चुनखडीचं, दगड मात्र काळा, कठीण डोलेराइट. खंदक खणता खणता काम सोडून दिलंय. अर्धवट सुटलेले प्रचंड धोंडे तिथंच पडलेत, आणि एकावर पाचरी ठोकायला पाडलेली भोकं ओळीनं दिसतात. पाचर बसेल अशी भेगच सापडली नसावी. मजा म्हणजे मागची व्हॅलम त्याच दगडातून पूर्ण खोदून नेली आहे! बाहेरचा खंदक अर्धा राहिला तरी चालेल, पण आतली हद्द तुटता कामा नये, असा हा क्रम. भिंतीचा उद्देश काय होता, हे मला या एका जागेवरून जास्त कळतं.

देवडी

खंदकवाल्यांच्या मुद्द्याला पूरक. १४२ च्या सुमारास, हेड्रियननंतरचा बादशहा अँटोनायनस पायस याच्या काळात, सरहद्द उत्तरेला स्कॉटलंडमधल्या फोर्थ-क्लाइडच्या चिंचोळ्या भागात सरकली. तिथं ६० किलोमीटरची नवी भिंत घातली, तीही ढेपांची, पण खाली सवाचार मीटर रुंदीचा दगडी पाया देऊन, मोऱ्या काढून. जुन्या कामातून शिकले ते असं. त्या काळात हेड्रियनच्या भिंतीवरच्या गढ्यांचे दरवाजे काढून टाकले आणि व्हॅलमचे बांध दर ४१ मीटरला फोडून चरीत वाटा घातल्या. ये-जा मोकळी. वीसेक वर्षांत परत मागे यायचं ठरलं. हेडन-ऑन-द-वॉलजवळ १५८ सालचा सहाव्या लीजनचा दुरुस्तीचा दगड मिळालाय, म्हणजे परतीची तयारी त्याआधीच सुरू झालेली.

ओळंबा

फोटो बघणाऱ्यांसाठी एक सूचना. हाउसस्टेड्सच्या पश्चिमेला कड्यांवरून जाणारी ती देखणी, माथ्यावर गवत वाढलेली भिंत सगळी रोमन समजू नका. एकोणिसाव्या शतकात जॉन क्लेटन यांनी जमिनी विकत घेऊन पडलेले दगड पुन्हा रचले, चुना न वापरता. खालचे काही रद्दे जागचे, वरचे त्यांच्या मजुरांनी रचलेले. खूण सोपी: सांध्यात चुना नाही, आणि माथ्यावर गवताचं झाकण. भर घट्ट राहिलेली आणि सांधे चुन्यानं भरलेले तुकडे विसाव्या शतकात सरकारी देखरेखीत जागच्या जागी पक्के केलेले. त्यांच्यावरून मापं घेतलेली बरी.

आणि पूर्वेकडे भिंत दिसतच नाही याचं कारण रस्ता. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात सरकारी फौजेच्या जनरल वेडला न्यूकॅसलहून तोफा कार्लाइलला नेता आल्या नाहीत. पुढच्या दशकात लष्करी रस्ता काढला तो कितीतरी मैल थेट भिंतीच्या पायावरून, दगड फोडून खडी करून. आजचा बी ६३१८ क्रमांकाचा रस्ता तो हाच. प्लेनट्रीजचा तुकडा वाचला तो १८०१ मध्ये भिंतीच्या कडेनं पायी निघालेल्या विल्यम हटन या म्हाताऱ्यानं जमीनमालकाची गयावया केली म्हणून. त्या मालकाचे मजूर दगड घर बांधायला नेत होते.

चर्या

शेवटचं एक. विलोफर्डला भिंत उतरून येते आणि गवतात पुलाचं दगडी बूड दिसतं. नदी तर बरीच पुढं आहे. कोरड्या शेतात पूल?

खंदकवाला

इर्थिंग पश्चिमेकडे सरकली. पूर्वेकडचं बूड कोरडं पडलं, पश्चिमेकडचं नदीनं खाल्लं. चेस्टर्सला उत्तर टाइननंही असंच केलंय. तिथलं पूर्वेचं बूड झाडीत कोरडं उभं आहे, धोंडे उचलायला पाडलेल्या खाचा आणि शिसं ओतून लोखंड बसवायच्या चरी त्यावर स्पष्ट दिसतात. आणि डबर म्हणतात त्या ३ मीटरच्या पहिल्या पुलाचा षटकोनी खांब बघायचा तर तोही तिथंच: दुसरा, गाडीरस्त्याचा पूल बांधताना नव्या बुडाच्या पोटात चिणून टाकलाय.